रेखा, तुझी किल्ली काढली

रेखा, तू गेल्यावर पहिल्यांदा ऑफिस उघडलं, झाडून घेतलं, कॉम्प्युटर सुरू केला, आणि त्यानं तुला विचारलं. म्हणजे काळ्या पडद्यावर ती नेहमीची इंग्रजी ओळ आली, डिस्कची किल्ली, म्हणजे पासवर्ड, टाका म्हणून. पण ती ओळ आली की मी खुर्ची मागं सरकवायची आणि तुला हाक मारायची, असं इतकी वर्षं चाललं की ते यंत्र तुलाच विचारतं, मला नाही, हे मी धरूनच चालले होते. त्या दिवशीही हाक तोंडापर्यंत आली. मी कॉम्प्युटर बंद केला आणि फायली लावत बसले. राग आला होता. घरी तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावताना जो आला नाही, तो इथं आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे तुझ्याबद्दल फार गोड बोलले. हसतमुख होती, कोणाला दुखावलं नाही, वगैरे. माझ्या हातात माइक आला तेव्हा मी "कामाची बाई होती" एवढंच म्हणून खाली बसले. सासूबाईंना ते आवडलं नाही. पण मांडवात मला जे म्हणायचं होतं ते म्हणण्यासारखं नव्हतं. मला म्हणायचं होतं की मी हिचा हेवा करत आले, आणि ही मेली तरी तो संपला नाही.

आपण जावा. तू धाकटी, झरी जामणीकडची, जंगलातल्या गावातून आलेली. मी दिग्रसची, मराठी टायपिंगची परीक्षा पास, या महिला केंद्राची प्रमुख. तुला इथं कामाला मीच लावलं. हे मी लोकांना सांगायला विसरत नसे, आणि तूही कोणाला विसरू देत नसेस. "ताईनं लावलं मले, नाहीतर मी चुलीपुढंच राह्यली असती," असं तू आल्यागेल्याला सांगायचीस. मला ते ऐकायला बरं वाटायचं. मग बाया आत यायच्या, माझ्या टेबलासमोरून पुढं जायच्या आणि तुझ्यापुढं बसायच्या.

कापसाची ही वर्षं कशी चालली आहेत ते तुला सांगायला नको. गावात कोणी गेलं की गाड्या येतात, फोटो निघतात, गाड्या जातात. आपल्याकडं बाया येतात त्या त्यानंतर. दीर बांधावर येऊन उभा राहू लागतो तेव्हा, सातबाऱ्यावरचं नाव कोणी बदललं ते कळतं तेव्हा. त्यांचं म्हणणं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं, ही कल्पना माझी होती. पण मी समोर बसले की त्या अर्ज सांगायच्या. तू बसलीस की गोष्ट सांगायच्या. कोलाम बाई आली तर तू सरळ तिच्या बोलीत सुरू व्हायचीस आणि मी चहा सांगायला उठायची. मला सगळ्या मॅडम म्हणत. तुला रेखाबाई.

मग ते दुरुस्तीचं प्रकरण झालं. कॉम्प्युटर दुकानात टाकला, तिथं कोणीतरी तो उघडून पाहिला, आणि एका बाईचं बोलणं ती गावी पोचायच्या आधी तिच्या गावी पोचलं. तिनं पुन्हा आपल्याकडं पाऊल टाकलं नाही. मी दुकानदाराशी भांडले. तू भांडली नाहीस. ज्या नागपूरच्या सरांनी आपल्याला ती फुकटातली सिस्टीम घालून दिली होती त्यांना तू फोन केलास, आणि महिनाभर कानाला फोन लावून शिकत राहिलीस. शेवटी बायांचे आवाज असलेली सगळी डिस्कच कुलपात गेली. दुसरी प्रत केलीस, तीही कुलपात. नुसतं कुलूप नाही, तू मला समजावलंस, आतलं सगळं असं कालवून ठेवलेलं असतं की डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी कोणाला काही कळायचं नाही.

क्रिप्टटॅब नावाची फाइल तू मला उघडून दाखवली होतीस, तुझी ती खुशी अजून डोळ्यांपुढं आहे. नवीन साडी दाखवतात तशी दाखवलीस. कॉम्प्युटर जागा होताना ही फाइल वाचतो, म्हणालीस. एका डिस्कची एक ओळ. उघडल्यावर तिला काय नावानं हाक मारायची, ती नेमकी कुठली डिस्क, किल्ली कुठून घ्यायची, आणि शेवटी बाकीच्या सूचना. नाव तू माजघर ठेवलं होतंस. किल्लीच्या जागी 'नन' असा इंग्रजी शब्द होता.

"हे काय, काहीच नाही म्हणजे?"

"किल्ली इथं लिहिली नाही ताई. मानसाले विचार, असं त्याले सांगतलं."

"लिहूनच टाक ना. रोजची कटकट कायले?"

"दाराले कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवता का तुमी?"

बाहेर बसलेल्या बाया हसल्या. मीही हसले, कारण उत्तर बरोबर होतं. पण मी प्रमुख होते आणि त्या माझ्यावर हसल्या होत्या.

कटकट व्हायचीच होती. दिग्रसची लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, आणि आपल्या बॅटरीत दम नव्हता. लाइट गेली की यंत्र बंद, आली की पुन्हा पहिल्यापासून तोच प्रश्न. तू नळावर असलीस तरी यंत्र थांबायचं, तू मुलीच्या शाळेत गेलीस तरी थांबायचं. बाया म्हणायच्या, "येऊ द्या रेखाबाईले, कोनती घाई हाय." माझं ऑफिस, माझ्या नावाची पाटी, आणि मी तुझी वाट पाहत बसलेली. जिनिंग कारखान्यातून उडत आलेली कापसाची धूळ टेबलावर बसायची, ती मी फडक्यानं पुसत राहायची. काहीतरी करायला हवं ना हाताला.

शेवटी मी म्हटलं, तुझी किल्ली मला सांग.

"माही नाही सांगत. तुमची तुमी टाका. आठ जनींच्या किल्ल्या बसते याले. पहिल्या खान्यात माही हाय, दुसऱ्यात तुमची टाकू."

"ऑफिस एक, तर किल्ली एक पुरे. ती प्रमुखाजवळ असावी."

"अन् प्रमुखाले कोनी दबावलं तर?"

"म्हणजे मी सांगीन असं म्हणतेस?"

"मी काय म्हनून राह्यली अन् तुमी काय आयकून राह्यल्या."

हा वाद आपला कधी संपला नाही. भाजी निवडताना निघायचा, लग्नाच्या पंगतीत निघायचा. दीरसाहेब, म्हणजे तुझा नवरा, एकदा म्हणाले की लोकांच्या जावा दागिन्यांवरून भांडतात, आमच्या पासवर्डवरून. मला आजही वाटतं की प्रमुखाजवळ किल्ली असायला हवी होती. तू असतीस तर आजही भांडले असते.

पण एकदा मी ऐकलं तुझं. दुपारी कॉम्प्युटर चालू असताना तू पडद्यावर किल्ली टाकायची खिडकी उघडून दिलीस, "टाका, मनात येईन ते टाका, लांब टाका," म्हणालीस आणि बाहेर गेलीस. मी मराठीत टाकली. मला मराठी टायपिंग येतं, इंग्रजीत मी एकेक अक्षर शोधते. काय शब्द होते ते तुला सांगितले नव्हते आणि आताही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, यंत्रानं विचारलं. तू अजून यायची होतीस, बाया बसलेल्या होत्या. मी म्हटलं, आज मी उघडते. टाकली. नाही. पुन्हा टाकली, सावकाश. नाही. तिसऱ्यांदा टाकली आणि ते काळा पडदा दाखवून अडून बसलं. तू आलीस, बंद करून चालू केलंस, तुझी टाकलीस, उघडलं.

कारण साधं होतं आणि तू ते साधेपणानंच सांगितलंस. यंत्र किल्ली विचारतं ते अर्धं जागं असताना. मराठी कळफलक त्याला त्यानंतर आठवतो. तेव्हा फक्त इंग्रजी कळतं त्याला, मी मराठी समजून बडवत होते ते त्याच्या लेखी नुसतं एबीसीडीचं भुसकट होतं. "उठल्या उठल्या मानसालेही बोलता येत नाही ताई, हे तर मशीन हाय," म्हणालीस. बायांना फार आवडलं ते. एक म्हणाली, "म्हंजे मॅडमची मराठी त्याले समजत नाही, रेखाबाईचीच समजते." त्यावर तू हसलीस. मी म्हटलं, काढून टाक माझी किल्ली, मला नको. तू म्हणालीस, इंग्रजीत दुसरी टाका. मी म्हटलं, हा विषय माझ्यापुढं पुन्हा काढायचा नाही.

तू काढला नाहीस. हे एक ऐकलंस.

वनिताचा दीर आला तो त्यानंतर. दारव्ह्याकडच्या गावची ही वनिता, नवरा गेलेली, तुझी लाडकी. तिच्या सासूचा अंगठा दिरानं कुठल्याशा कागदावर घेतला आणि शेत स्वतःच्या नावावर चढवायला निघाला. सासू वनिताबरोबर आपल्याकडं आली, तुझ्यापुढं बसली आणि सगळं बोलली. अंगठा कसा घेतला, काय सांगून घेतला, शेत सुनेकडं राहावं असं तिला का वाटतं. पुढं तिला झटका आला आणि वाचा गेली. दिराला कुठून तरी कळलं की म्हातारी आपल्याकडं काही बोलून गेली आहे. दोघांना घेऊन आला. तू बाजूच्या टेबलावर होतीस, मान खाली घालून पावत्या लावत.

"मॅडम, आमची माय काय बोलून गेली ते आयकाचं हाय."

"नाही ऐकता येणार."

"काहून? पोराले मायचा आवाज आयकाची बंदी हाय का? खोला कॉम्प्युटर."

"किल्ली माझ्याकडं नाही."

"तुमी मोठ्या हाय ना इथल्या?"

"हो."

"अन् किल्ली नाही." तो बरोबरच्यांकडं पाहून हसला. "मंग कायच्या मोठ्या?"

गेले ते. मी खरं बोलत होते म्हणून माझा चेहराही खरा होता, आणि त्याला पटलं. तू माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवलास. मी तो घेतला नाही. तुला वाटलं असेल मी घाबरले. घाबरले नव्हते. माझ्याजवळ किल्ली असती तर मी त्याच्या तोंडावर सांगितलं असतं, किल्ली आहे आणि देत नाही, काय करायचं ते कर. ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं, कित्येक वर्षांपासून. तुझ्या त्या व्यवस्थेनं मला ते म्हणायची गरजच ठेवली नाही. आणि बाया बाहेर जाऊन म्हणाल्या, रेखाबाईनं वाचवलं.

आता या आठवड्याचं सांगते.

सोमवारी वनिता आली. गुरुवारी तहसीलमध्ये तिची सुनावणी होती आणि वकीलबाईंनी सासूचा आवाज मागितला होता. तो नसला तर दिराचा कागद आणि वनिताचं तोंड, एवढंच अधिकाऱ्यापुढं राहणार होतं. मी तिला खरं ते सांगितलं, किल्ली रेखाजवळ होती.

"अन् आता?"

"बस. पाहते."

नागपूरच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, किल्ली नसेल तर ते उघडत नाही, कोणालाच उघडत नाही, म्हणूनच ते लावतात. मग आम्ही दोघी त्या काळ्या पडद्यापुढं बसलो. तीनदा संधी असते, मला ठाऊक होतं. पहिल्यांदा तुझ्या मुलीचं नाव टाकलं. नाही. वनिता म्हणाली, नवऱ्याचं टाका. मग स्वतःच म्हणाली, "राहू द्या, नवऱ्याचं नाव कोन ठेवते." तिला आणि मला दोघींना हसू आलं, तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन. दुसऱ्यांदा तुझ्या माहेरच्या गावाचं नाव टाकलं. नाही. तिसऱ्यांदा मी काय टाकलं ते वनितानं विचारलं, मी सांगितलं नाही. पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत हे बरं आहे. मी माझं नाव टाकलं होतं.

तेही नव्हतं. असणार नव्हतंच, पण टाकेपर्यंत मला वाटत होतं.

आता ते अडून बसेल म्हणून मी बटणाकडं हात नेला, आणि ते अडलं नाही. दोन ओळी सरकल्या आणि कॉम्प्युटर सरळ सुरू झाला. तुझ्या माजघराशिवाय, पण सुरू झाला. पडद्यावर डिस्कचं चित्र होतं, त्यावर कुलूप. मी त्यावर टिचकी मारली. त्यानं किल्ली विचारली. आता यंत्र पूर्ण जागं होतं, कोपऱ्यात मराठी कळफलकाची खूण दिसत होती. मला काही सुचलं वगैरे नाही, बोटांनीच माझे जुने शब्द टाकले. उघडलं.

वनिता म्हणाली, "म्हंजे तुमच्यापाशी होती?"

होती. मी ती फाइल उघडून पाहिली. माजघराच्या ओळीच्या शेवटी एक शब्द जास्तीचा होता, नोफेल. सरांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, याचा अर्थ ही डिस्क उघडली नाही तरी अडू नको, पुढं जा, नंतर उघडतील. फाइल शेवटची बदलली ती तारीखही त्यांनी मला बघायला लावली. माझी फजिती झाली होती त्याच दिवसांतली. म्हणजे तू माझी किल्ली काढली नव्हतीस. मला मराठीत बोलता येईल तिथवर यंत्रानं न अडता पुढं जावं, एवढी सोय तू करून ठेवली होतीस, आणि विषय काढायचा नाही म्हटल्यावर विषय काढला नव्हतास. तुझी किल्ली दर वेळी पहिल्याच फटक्यात लागायची, म्हणून हे कधी दिसलंच नाही.

म्हणजे त्या दिराला मी 'किल्ली नाही' म्हणाले ते खोटं होतं. तू शेजारी बसून मला ते खोटं खरेपणानं बोलू दिलंस. तू मला सांगितलं नाहीस ते माझ्या तोंडाला भिऊन, की असा कोणी येणार हे ओळखून, हे मला आता कोण सांगणार? दोन्हीत फार फरक आहे. मी दोन्ही धरून पाहिलं. रात्री एक खरं वाटतं, सकाळी दुसरं. तू हे दीरसाहेबांनाही बोलली नव्हतीस, मी विचारलं. आभार मानावेत असं आहे, आणि मानते. पण दुसऱ्याला कळू न देता त्याच्यासाठी काही करायचं, आणि ते इतकं नीट करायचं, हे मला कधी जमलं नाही. तुझ्यासाठी मी जे केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे.

मग आवाज लावला. वनिता सासूसाठी आली होती. पण आधी तू आहेस त्यात. "बसा माय, पानी घ्या, घाई नाही," असं तू म्हणतेस आणि मागं कुठंतरी मी चहा सांगते आहे. वनितानं पदर तोंडाला लावला. "रेखाबाई," म्हणाली. सासूचं बोलणं सुरू झालं तरी ती तुझ्याच आवाजाची वाट पाहत होती, मधे तू नुसतं "हं" म्हटलंस तरी मान वर करायची. मला रडायचं होतं, पण आधी तिनं सुरुवात केली होती, आणि प्रत काढायची होती. मी प्रत काढली.

गुरुवारी अधिकाऱ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. दीर जमिनीकडं बघत उभा होता. मग म्हणाला की आवाज मायचाच कशावरून, तेव्हा साहेबांनी त्यालाच विचारलं, तुम्ही मुलगा ना, तुम्ही सांगा कोणाचा. त्याला सांगता आलं नाही आणि नाही म्हणताही आलं नाही. फेरफार तूर्त थांबवला आहे. पुढची तारीख पडली आहे. लढाई संपली असं मी म्हणणार नाही, वनिताही म्हणत नाही. पण यंदा त्या शेतात सरकी तीच लावणार.

सरांनी एक बजावलं. माणूस सोडून गेलं की त्याची किल्ली काढायची, हा नियम आहे, तुम्ही तेवढं करून घ्या. मी म्हटलं, मेलेलं माणूस कोणाला सांगायला जाणार आहे? ते म्हणाले, नियम आहे. नियम मलाही मान्य असतात. पहिला खाना तुझा होता. तो रिकामा करायला सांगितलं तेव्हा यंत्रानं उरलेली एखादी किल्ली मागितली. मी माझी दिली. संपलं. काही आवाज झाला नाही, पडद्यावर काही आलं नाही.

आणि मग एकच किल्ली उरली, ती माझ्याजवळ, प्रमुखाजवळ. मला हवं होतं तसं. दोन दिवस मी त्या थाटात ऑफिसात बसले. बाया आल्या, मी उघडलं, मी मिटलं. एकीनं विचारलं, "मॅडम, तुमाले काही झालं तर आमचं बोलनं कुठं जाईन?" तिनं साधंच विचारलं होतं. संध्याकाळी वनिताला फोन करून बोलावून घेतलं.

तिला म्हटलं, मनात येईल ते टाक, लांब टाक, मराठीत चालतं. आधी माझी किल्ली टाकून खिडकी उघडून दिली. नवी किल्ली पहिल्या रिकाम्या खान्यात जाते, त्याला आपला काही इलाज नाही. म्हणजे वनिता पहिल्या खान्यात जाऊन बसली, आणि मी होते तिथंच, दुसऱ्यात.

ती एका बोटानं टाकत होती. मी उठून खिडकीशी गेले आणि रस्त्याकडं पाहत उभी राहिले. बराच वेळ टकटक चालू होती. तिनं कोणाचं नाव टाकलं असेल ते मला न बघता कळत होतं, रेखा, आणि ते माझं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं नाही.